सोमवारी स्ट्रीक, शुक्रवारी निळ्या कॉलन्या: ई. कोलायमध्ये प्लाझ्मिड घालण्याचा आठवड्याभराचा प्रयोग

मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्यांच्या वाट्याला 'ट्रान्सफॉर्मेशन'चं, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए घालण्याचं, प्रॅक्टिकल कधी ना कधी येतंच. बऱ्याच ठिकाणी ते किटवर उरकतात. तयार पेशी, तयार प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ), बेचाळीस अंशांचं पाणी, की झालं. जर्नल भरतं, सही मिळते. पण कॉलन्या आल्या नाहीत तर चूक कुठे शोधायची हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून निदान एकदा तरी कॉम्पिटंट, म्हणजे डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या, पेशी स्वतः तयार कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्याला महागडं काही लागत नाही. लागतो तो भरपूर बर्फ, वेळेचं भान आणि तुलनेसाठीच्या कंट्रोल प्लेटा न चुकता लावण्याची शिस्त.

खालचा बेत सोमवार ते शुक्रवार असा कॉलेजच्या आठवड्यात बसवला आहे.

कोणता ई. कोलाय?

थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचातून या जिवाणूचं वर्णन केलं. आपल्या सगळ्यांच्या मोठ्या आतड्यात तो असतो, मात्र तिथल्या एकूण जिवाणूंत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. तरी तो प्रयोगशाळांचा लाडका झाला, कारण त्याला हवेत वाढवता येतं, साधं खाणं चालतं आणि सोय चांगली असली तर वीसेक मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होते. आतड्यातले बाकीचे बहुतेक जिवाणू ऑक्सिजन लागला की मान टाकतात.

आपल्याला हवा आहे तो डीएच५ अल्फा हा स्ट्रेन. तो के-१२ या घराण्यातला. मूळ के-१२ हा १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात, घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या शौचातून वेगळा केला गेला. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये जिवाणूंमध्येही जनुकांची देवाणघेवाण होते हे दाखवलं, ते याच के-१२ वर. इतकी दशकं प्रयोगशाळेत वाढून तो इतका 'पाळीव' झालाय की माणसाच्या आतड्यात त्याला धड पाय रोवता येत नाहीत. म्हणूनच तो सर्वांत कमी धोक्याच्या गटात मोडतो.

गटाराच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून वेगळा केलेला ई. कोलाय या प्रयोगाला अजिबात वापरायचा नाही. त्यात ओ१५७ सारखा रोगकारक प्रकार असू शकतो आणि आपण तर त्याला अँपिसिलिन हे प्रतिजैविक पचवण्याचं जनुक देणार. स्ट्रेन मिळवायचा तो नोंदणीकृत संग्रहातून. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे. शिवाय १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय फेरफाराचं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. प्रयोग तिच्या कानावर घालून मगच सुरू करा.

प्लाझ्मिड घ्यायचा पीयूसी१९. लांबी २६८६ बेसजोड्या, अँपिसिलिनला पुरून उरणारं एक जनुक आणि निळ्या रंगासाठी लागणारा लॅक-झेड जनुकाचा छोटा तुकडा. शिकाऊ हातांना याहून सोयीचा प्लाझ्मिड माझ्या माहितीत नाही.

सोमवार: माध्यम, प्लेटा आणि पहिली स्ट्रीक

एलबी माध्यम एक लिटरसाठी: ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. प्लेटांसाठी त्यात अगार १५ ग्रॅम. तयार पावडर आणली असेल तर डब्यावरचं प्रमाण वाचा, कारण कमी मिठाचा प्रकारही बाजारात मिळतो. १२१ °से वर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचं. एका प्लेटेला २० मिलि धरलं तर अर्ध्या लिटरमध्ये २५ प्लेटा होतात.

अँपिसिलिन कधी घालायचं यावर अर्धा प्रयोग अवलंबून आहे. माध्यम उकळतं असताना घातलं तर औषध मरतं आणि प्लेटेवर सगळंच उगवतं. थांबत बसलात तर अगार बाटलीतच थिजतो आणि गुठळ्यांच्या प्लेटा पडतात. माध्यम ५० °से च्या आसपास, म्हणजे बाटली तळहाताला गरम लागते पण धरून ठेवता येते, इतकं उतरलं की घालायचं. स्टॉक १०० मिलिग्रॅम प्रति मिलि, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेला. एक लिटरला एक मिलि घातला की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ही पावडर तोलायला बसू नये. हे बॅच सुरू होण्याआधी विचारून घ्या.

अर्ध्या प्लेटा अँपिसिलिनच्या, काही साध्या. प्लेटेच्या बुडाला मार्करने खूण करा. झाकणावर लिहिलेलं काही कामाचं नसतं, कारण झाकणं बदलतात.

मग डीएच५ अल्फाची साध्या एलबी प्लेटवर स्ट्रीक करा (लूपने रेघा ओढत पेशी विरळ पसरा) आणि ३७ °से ला रात्रभर ठेवा. या पेशींमध्ये अजून प्लाझ्मिड नाही, म्हणून इथे अँपिसिलिनची प्लेट चालत नाही.

मंगळवार

काम पाच मिनिटांचं. संध्याकाळी सुटी, गोल, एकटी कॉलनी उचलून ५ मिलि एलबीत सोडा आणि ३७ °से ला १८० ते २०० आरपीएमवर शेकरमध्ये लावा. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, टिपा आणि ट्यूबाही आजच ऑटोक्लेव्ह करून फ्रिजमध्ये टाका.

हे द्रावण ०.१ मोलर हवं. इथे गडबड होते ती बाटलीवरचं नाव अर्धवट वाचल्याने. डायहायड्रेट असेल तर १०० मिलिला १.४७ ग्रॅम, निर्जल असेल तर १.११ ग्रॅम. निर्जल मीठ पाण्यात टाकलं की द्रावण चांगलंच तापतं, तेव्हा ते थंड झाल्यावर आकारमान पुरं करा.

बुधवार: कॉम्पिटंट पेशी

हा आठवड्यातला खरा दिवस. सकाळी लवकर या.

रात्रीच्या कल्चरमधलं अर्धा मिलि २५० मिलिच्या फ्लास्कमधल्या ५० मिलि एलबीत घाला. फ्लास्क पाचपट मोठा घ्यायचा, कारण पेशींना हवा लागते. गळ्यापर्यंत भरलेल्या फ्लास्कमध्ये वाढ रेंगाळते. ३७ °से ला शेकरवर लावा. दीड तासानंतर दर पंधरा मिनिटांनी थोडं कल्चर काढून ६०० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, बघा, ब्लँक साध्या एलबीचा. स्पेक्ट्रो नसेल तर कलरीमीटरचा ६०० किंवा ६२० चा फिल्टर चालवून घ्या, पण मग दरवेळी तोच वापरा.

ओडी ०.३५ ते ०.४ झाली की थांबायचं. या टप्प्यावर पेशी जोमाने विभागत असतात आणि डीएनए आत घ्यायची तयारी तेव्हाच सर्वांत चांगली असते. ओडी ०.२ दिसली म्हणून चहाला गेलात तर परत येईपर्यंत ती ०.४ ओलांडून पुढे गेलेली असेल. ०.८ वर गेलेल्या कल्चरचा मोह धरू नका. पेशी भरपूर मिळतील, पण कॉलन्या मोजक्याच येतील. सरळ नवा फ्लास्क लावा.

इथून पुढे सगळं बर्फात. मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या लॅबमध्ये टेबलावरची हवाच चाळीशी गाठते, आणि ट्यूब दोन मिनिटं बाहेर राहिली तरी फरक पडतो. बर्फाचा चुरा घेऊन त्यात थोडं पाणी घाला, म्हणजे ट्यूबला तो सगळीकडून लागतो. नुसत्या खड्यांमध्ये मधे हवा राहते. मीठ मात्र घालू नका. कुल्फीच्या सवयीने कोणीतरी घालतं आणि तापमान शून्याखाली जाऊन पेशी गोठतात.

फ्लास्क दहा-पंधरा मिनिटं बर्फात ठेवा. कल्चर गार ट्यूबांमध्ये ओता आणि ४ °से ला, साधारण २७०० जी वर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. रोटरप्रमाणे आरपीएम बदलतो, तो तक्त्यावरून काढा. थंड सेंट्रिफ्यूज नसेल तर रोटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं हा गरिबीतला इलाज आहे. उत्तम नव्हे, पण चालतो.

वरचं माध्यम ओतून द्या, ट्यूब उपडी करून शेवटचा थेंबही निथळू द्या. तळाशी बसलेल्या पेशींच्या थरावर (पेलेटवर) एकूण १० मिलि बर्फगार कॅल्शियम क्लोराइड घालून हलक्या हाताने फिरवत पेशी सोडवा. व्हॉर्टेक्स नाही, पिपेटने जोरात उपसणं नाही. या क्षणी पेशींचं आवरण नाजूक झालेलं असतं. बर्फात अर्धा तास. पुन्हा सेंट्रिफ्यूज.

दुसऱ्या वेळचा पेलेट नीट बघा. पहिला घट्ट, पिवळसर ठिपका होता. आता तो पसरट, फिकट आणि मधे पोकळ कड्यासारखा दिसेल. ट्यूबच्या भिंतीवरून तो सहज घसरतो, म्हणून या वेळी वरचं द्रावण ओतून देऊ नका, पिपेटने हळूच काढा. असा विस्कटलेला पेलेट दिसला की मुलं घाबरतात. उलट तो कॅल्शियम बसल्याची चांगली खूण आहे.

शेवटी २ मिलि गार कॅल्शियम क्लोराइडमध्ये पेशी सोडवा. १०० मायक्रोलिटरच्या वीस ट्यूबा होतात, म्हणजे एका बॅचला पुरून उरतात. त्या रात्रभर ४ °से ला बर्फात राहू द्या. बारा ते चोवीस तास कॅल्शियममध्ये ठेवल्याने कार्यक्षमता चांगली वाढते, हे १९७९ पासून माहीत आहे. त्याहून जास्त ठेवलं की ती परत घसरते. उणे ८० चा फ्रीझर असेल तर उरलेल्यांत १५ टक्के ग्लिसेरॉल घालून साठवा. उणे २० मध्ये साठवलेल्या पेशींवर भरवसा ठेवू नका.

कॅल्शियम नेमकं करतं काय, हे एक्स्टर्नल हमखास विचारतात. डीएनएवर ऋण भार असतो आणि पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही. कॅल्शियमचे धन आयन दोघांमधला दुरावा मोडतात. उष्णतेच्या झटक्याने डीएनए आत जातो, पण तो कोणत्या वाटेने, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. पद्धत मात्र जुनी आहे. मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये कॅल्शियम वापरून फाजचा (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा) डीएनए ई. कोलायमध्ये घातला, आणि दोनच वर्षांत स्टॅनली कोहेन यांच्या गटाने तीच युक्ती प्लाझ्मिडसाठी वापरली.

गुरुवार: ट्रान्सफॉर्मेशन

वॉटरबाथ आधीच ४२ °से ला लावा आणि आत खराखुरा थर्मामीटर बुडवून तपासा. बाहेरच्या डायलवर विश्वास ठेवू नका. अँपिसिलिनच्या प्लेटांवर अर्धा तास आधी ४० मायक्रोलिटर एक्स-गॅल (फुटलं की निळं होणारं रसायन, २० मिलिग्रॅम प्रति मिलि) आणि ४० मायक्रोलिटर आयपीटीजी (लॅक-झेड चालू करणारं रसायन, ०.१ मोलर) पसरून वाळू द्या. एक्स-गॅलची बाटली फॉइलमध्ये गुंडाळलेली हवी, उजेडाने ते खराब होतं.

एका ट्यूबमध्ये १ नॅनोग्रॅम पीयूसी१९ एक मायक्रोलिटरमध्ये घाला. दुसरीत तेवढंच निर्जंतुक पाणी. ही दुसरी ट्यूब वाचवण्याचा मोह होतो. वाचवलीत तर उद्याच्या प्लेटांवरून काहीच सिद्ध होत नाही. बोटाने हलकेच टिचकी मारून मिसळा, ३० मिनिटं बर्फात.

मग हीट शॉक. ४२ °से ला ४५ ते ६० सेकंद, ट्यूब न हलवता, घड्याळ समोर ठेवून. लगेच बर्फात दोन मिनिटं. ९०० मायक्रोलिटर एलबी घाला, अँपिसिलिनशिवाय, आणि ३७ °से ला तासभर शेकरवर ठेवा. पेशीत नुकतंच गेलेलं जनुक वाचून तिला बीटा-लॅक्टमेज हे अँपिसिलिन मोडणारं एन्झाइम तयार करायला हा तास लागतो. तो न देता थेट अँपिसिलिनवर ओतलं तर प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीही मरतात.

आता चार प्लेटा:

क: पाणी घातलेल्या पेशी, साधा एलबी.
ख: पाणी घातलेल्या पेशी, अँपिसिलिन.
ग: प्लाझ्मिड घातलेल्या पेशी, अँपिसिलिन, एक्स-गॅल, आयपीटीजी. १०० मायक्रोलिटर.
घ: ग सारखीच, पण १० मायक्रोलिटर पेशी ९० मायक्रोलिटर एलबीत मिसळून.

स्प्रेडर ज्योतीतून काढल्यावर अगारच्या कडेला टेकवून निववा. प्लेटा उपड्या करून ३७ °से ला १६ ते १८ तास.

प्लेटा उबवणीत असताना

उद्या जी निळी कॉलनी दिसणार आहे, तिच्यातलं लॅक-झेड जनुक उद्योगाच्या पहिल्या यशातही होतं. १९७३ मध्ये कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिड कापून, जोडून ई. कोलायमध्ये घातला, पद्धत कॅल्शियम क्लोराइडचीच. १९७८ मध्ये जेनेनटेक आणि सिटी ऑफ होप इथल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या, दोन वेगळ्या ई. कोलायमध्ये तयार केल्या. इतकी छोटी परकी प्रथिनं जिवाणू मोडून खातो, म्हणून त्यांनी ती बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या, म्हणजे लॅक-झेडच्याच, मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडली. मधे एक मेथिओनिन ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिनपाशी कापतं आणि इन्सुलिनमध्ये मेथिओनिन नाहीच, त्यामुळे साखळी अखंड सुटते. मला तरी या सगळ्या कथेतली ही चाल सर्वांत सुंदर वाटते. १९८२ मध्ये अमेरिकेत या इन्सुलिनला परवानगी मिळाली. त्याआधी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे.

पुढे यादी लांबली: वाढीचं संप्रेरक, केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिम, डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये रोज लागणारं टॅक पॉलिमरेज, पशुखाद्यात जाणारं थ्रिओनिन. चीज घट्ट करणारं कायमोसिन पूर्वी वासरांच्या जठरातून यायचं. के-१२ मध्ये बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यामागे असा जिवाणू असू शकतो. ड्यूपॉन्टच्या भागीदारीत सुरू झालेला टेनेसीमधला कारखाना मक्याच्या साखरेपासून ई. कोलायकरवी प्रोपेनडायॉल करतो, ज्यापासून गालिचे आणि कापडाचे धागे निघतात.

पण सगळीकडे ई. कोलायच वापरतात, असं जर्नलमध्ये लिहू नका. प्रथिनांवर तो आपल्यासारख्या शर्करा-साखळ्या लावत नाही, त्यामुळे एरिथ्रोपोएटिनसारखी औषधं सस्तन प्राण्यांच्या पेशींत करावी लागतात. जास्त प्रथिन करायला लावलं तर बरेचदा ते पेशीत गोळा होऊन बसतं. ते विरघळवून पुन्हा योग्य घडी घालणं हा कारखान्यातला वेगळाच व्याप. त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य औषधातून काढून टाकावं लागतं. बंगळूरूच्या बायोकॉनचं इन्सुलिन पिकिया या यीस्टमध्ये तयार होतं, ते उगाच नाही.

शुक्रवार: वाचन

ग प्लेटेवर गोल, निळ्या कॉलन्या: मध्यभागी गडद, कडेला फिकट. रंग पुरेसा चढला नसेल तर प्लेट दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, निळा खुलतो. हा रंग येतो तो दोघांच्या भागीदारीतून. डीएच५ अल्फाच्या स्वतःच्या लॅक-झेडमध्ये सुरुवातीचा भाग नाही, तो प्लाझ्मिड पुरवतो. दोन्ही तुकडे जुळले की चालू एन्झाइम तयार होतं आणि ते एक्स-गॅल फोडतं. प्लाझ्मिडच्या त्या जागी परकं जनुक घुसवलं तर तुकडा मोडतो आणि कॉलनी पांढरी राहते. संशोधनात म्हणून पांढऱ्याच उचलतात.

३० ते ३०० च्या दरम्यान कॉलन्या असलेली प्लेट मोजा. समजा ग वर १५० आल्या. १ नॅनोग्रॅम डीएनए १ मिलिमध्ये होता, त्यातला दहावा भाग पसरला, म्हणजे ०.१ नॅनोग्रॅम. १५० भागिले ०.१ म्हणजे नॅनोग्रॅमला १५००, मायक्रोग्रॅमला १५ लाख. कॉलेजच्या हातांनी केलेल्या पेशींसाठी दहा लाखांच्या पुढचा आकडा समाधानकारक. विकतच्या पेशी दहा कोटी ते शंभर कोटी देतात. त्या पद्धती आणि उणे ८० ची साखळी वेगळी असते.

काही बिघडलं असेल तर आधी क आणि ख बघा, ग नंतर. क वरच गालिचा (प्लेटभर सलग वाढ) नाही? पेशी मेल्या आहेत. बहुधा वॉटरबाथ जास्त तापला. क भरलेली पण ग रिकामी? ओडी पुढे गेली होती, बर्फ वितळला होता, किंवा डीएनए पडलाच नाही. ख वर गालिचा? अँपिसिलिन गरम माध्यमात पडलं किंवा स्टॉक जुना आहे. ख वर दोन-चार कॉलन्या म्हणजे बाहेरून काहीतरी आलं.

ग वर मोठ्या निळ्या कॉलनीभोवती टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके दिसले, तर त्या सॅटेलाइट कॉलन्या. मोठ्या कॉलनीने बाहेर सोडलेल्या एन्झाइमने आसपासचं अँपिसिलिन संपवलं आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशी तिच्या आडोशाला उगवल्या. त्या मोजायच्या नाहीत, उचलायच्याही नाहीत. प्लेटा वीस तासांपुढे इन्क्युबेटरमध्ये राहिल्या की हे होतं, म्हणून शुक्रवारी कोणी सुटीवर जाणार असेल तर प्लेटा काढायचं काम आधीच कोणाकडे तरी सोपवा.

वाचन झालं की सगळ्या प्लेटा, ट्यूबा, टिपा ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, १२१ °से ला ३० मिनिटं. द्रव कचऱ्यात सोडियम हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवा. सिंकमध्ये जिवंत कल्चर ओतणं हा लॅबमधला सर्वांत वाईट आळस आहे. प्रतिकारक जनुकं नाल्यात पोचवायला दुसरं काही लागत नाही.

त्याआधी एक छान सुटी निळी कॉलनी अँपिसिलिन घातलेल्या ५ मिलि एलबीत रात्रभर वाढवून २० टक्के ग्लिसेरॉलमध्ये साठवा. ट्यूबवर स्ट्रेन, प्लाझ्मिड, तारीख आणि बॅच लिहा. पुढच्या आठवड्यात यातूनच मिनिप्रेप करता येईल, म्हणजे पेशींतून प्लाझ्मिड वेगळा काढता येईल. डीएच५ अल्फामध्ये डीएनए तोडणारं एक एन्झाइम बंद केलेलं असल्याने प्लाझ्मिड स्वच्छ निघतो. न कापता जेलवर चालवलात तर दोन-तीन पट्टे दिसतील, कारण गुंडाळलेला आणि मोकळा डीएनए वेगवेगळ्या वेगाने धावतो. इको-आर-वनने कापून चालवा. हे एन्झाइमही मूळचं ई. कोलायमधलंच. पीयूसी१९ ला ते एकाच जागी कापतं, म्हणून २.७ किलोबेसजवळ एकच पट्टा यायला हवा.